उसाची वंशावळ आणि ज्वारीचा नकाशा

आपल्याकडे उसाचे बेणे असते, बी नसते. निदान ऊस लावणाऱ्या बहुतेकांच्या मनात तसेच असते. दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली, पाणी दिले, की उगवण होते, फुटवे येतात, कांड्या सुटतात. खोडवा ठेवला तर टिपरीसुद्धा लागत नाही. या सगळ्या व्यवहारात फूल, पराग, बी यांचा कुठे संबंधच येत नाही. उलट फडाला तुरा आला की शेतकरी धास्तावतो. तुरा म्हणजे वाढ थांबली, आता आत दशी पडणार, वजन घटणार, तोड लवकर मिळायला हवी.

पण उसाचे बी असते ते त्याच तुऱ्यात. कापसाच्या तंतूसारख्या मऊ लवेत गुंडाळलेले, डोळ्यांना धड दिसणारही नाही इतके बारीक. कोईमतूरला आणि आपल्याकडे आंबोलीला या तुऱ्याची वर्षभर वाट पाहणारी माणसे आहेत. शेतकऱ्याला जी गोष्ट नको असते नेमकी तीच वाण तयार करणाऱ्याला हवी असते. टिपरीतून उगवणारा ऊस हा आधीच्या उसाची हुबेहूब नक्कल असतो. नवे काही हवे असेल तर तुऱ्यातूनच जावे लागते.

माझ्या भागात आजवर कोणकोणते ऊस होऊन गेले याची यादी मी जुन्या माणसांना विचारत केली आहे. पुंड्या, मग चारशे एकोणीस, मग सातशे चाळीस, सहाशे एकाहत्तर, शहाऐंशी बत्तीस, दोनशे पासष्ट. माणसे हे आकडे घरातल्या नातलगांची नावे घ्यावीत तसे घेतात. या आकड्यांच्या मागे काय आहे ते शोधत मी गुणसूत्रांपर्यंत आणि तिथून जनुकांच्या नकाशापर्यंत गेलो. शेतकी महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसाला हा रस्ता लांबचा पडतो. पण त्या रस्त्यावर जे समजले ते ऊस लावणाऱ्याच्या, गाळणाऱ्याच्या आणि उसाच्या पाण्यावरून भांडणाऱ्याच्याही कामाचे आहे. ‘कमी पाण्यावर येणारा ऊस लवकरच येतोय’ असे आपण वरचेवर ऐकतो. त्या वाक्यात खरे किती आणि आशा किती, हे पाहायचे तर थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

आकड्यांचा अर्थ

‘को’ म्हणजे कोईमतूर. ‘कोएम’ म्हणजे कोईमतूर-महाराष्ट्र, ‘कोसी’ म्हणजे तमिळनाडूतल्या कडलूरचा. पुढच्या पाच आकड्यांतले पहिले दोन वर्ष सांगतात. ‘को ८६०३२’ म्हणजे १९८६ साली क्रमांक मिळालेला ऊस. त्याची आई को ६२१९८ आणि वडील कोसी ६७१, म्हणजे आपले सहाशे एकाहत्तर. चारशे एकोणीस त्याआधीचा, १९३०च्या दशकातला. तेव्हा नुसताच अनुक्रमांक असे. त्याची आई जावा बेटावरची पीओजे २८७८ आणि वडील को २९०. दोनशे पासष्ट म्हणजे कोएम ०२६५, हा आपल्या फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा. हे केंद्र १९३२ सालचे.

म्हणजे आपल्या फडातल्या प्रत्येक उसाला आई-वडील आहेत, आणि त्यांची वंशावळ मागे नेत गेले की ती सगळी दोन-तीन ठिकाणी येऊन मिळते. कोईमतूर त्यातले एक, जावा दुसरे.

रानगवताशी सोयरीक

पुंड्या ज्यांनी खाल्ला आहे त्यांना तो आठवत असेल. जाड, मऊ, रसाळ, दातांनी सहज सोलता येणारा. अशा उसांची जात शास्त्रात ‘सॅकॅरम ऑफिसिनॅरम’ म्हणून ओळखली जाते. तिचे मूळ न्यू गिनी बेटाकडचे. माणसाने हजारो वर्षे गोडीसाठी निवडत निवडत तिला वाढवले, म्हणून ती गोड आहे आणि म्हणूनच ती नाजूकही आहे. रोगाला लवकर बळी पडते, थंडी आणि पाण्याचा ताण सोसत नाही.

दुसरे टोक म्हणजे ‘सॅकॅरम स्पॉन्टेनियम’. संस्कृतात ज्याला काश म्हणतात ते हे गवत. नदीकाठी, बांधाला, पडीक रानात पांढरे तुरे घेऊन उभे असते. पेन्सिलीएवढी काडी, साखर नावापुरती. पण दुष्काळ, पूर, खारी जमीन, थंडी, रोग, या सगळ्यांतून ते पुन्हा फुटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तण.

उसाचे बी रुजते हे जावा आणि बार्बाडोस इथे १८८०च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ एकाच वेळी पक्के झाले. त्यानंतर संकराचा मार्ग मोकळा झाला. कोईमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झाले. तिथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी वेल्लई नावाचा जाड ऊस आई म्हणून घेतला आणि कोईमतूरच्याच रानातले काश गवत वडील म्हणून. त्या संकरातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ साली उत्तर भारतासाठी बाहेर पडला. एका नगदी पिकाच्या वंशात तण मिसळायचे, हा त्या काळी धाडसी विचार होता. पण त्या तणानेच उसाला कणखरपणा दिला. जावातही जवळपास तेच घडले. तिथे ‘सेरे’ नावाच्या रोगाने जाड ऊस संपत आला होता. त्यातून तरण्यासाठी रानगवताचे रक्त वंशात आणले गेले आणि पुढे १९२१ साली पीओजे २८७८ तयार झाला. चारशे एकोणीसच्या आईकडून ते जावाचे रक्त आपल्या फडात आले.

संकर झाला की काम संपत नसे. पहिल्या पिढीत गवताचा अंश जास्त, म्हणून साखर कमी. मग त्या संकराचा पुन्हा जाड उसाशी संकर, पुन्हा निवड, पुन्हा संकर. गवताचा कणखरपणा ठेवायचा आणि त्याचा फिकेपणा काढून टाकायचा, असे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम.

आईचे सगळे, वडिलांचे अर्धे

इथे निसर्गाने एक चमत्कारिक मदत केली. साधारण नियम असा, की अपत्याला आईकडून अर्धी आणि वडिलांकडून अर्धी गुणसूत्रे मिळतात. जाड उसाची गुणसूत्रे ८०. कोईमतूरच्या काश गवताची ६४. नियमाने संकराला ४० आणि ३२, अशी ७२ मिळायला हवीत. प्रत्यक्षात को २०५ मध्ये ती ११२ निघाली. म्हणजे आईने आपली ८०च्या ८० देऊन टाकली आणि वडिलांनी नियमाप्रमाणे ३२ दिली. १९२०च्या दशकात जावामध्ये ब्रेमर या शास्त्रज्ञाने ही गोष्ट उलगडली. आईचा वाटा असा दुप्पट येत असल्यामुळे गोडी लवकर परत मिळवता आली.

कोईमतूरला १९३०च्या दशकात या गुणसूत्रांचा सूक्ष्मदर्शकाखाली कसून अभ्यास करणाऱ्यांत जानकी अम्मल होत्या. केरळातल्या थलसेरीच्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी ऊस आणि मका यांचासुद्धा संकर घडवून दाखवला. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १९४५ साली सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध केला. आपल्याकडे उसावर बोलताना कारखानदारांची नावे निघतात, या बाईंचे निघत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

या सगळ्या सोयरिकींचा परिणाम म्हणजे आजचा ऊस. त्यात साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात. त्यांतली सुमारे ८० टक्के जाड उसाकडून, १० ते २० टक्के गवताकडून आलेली आणि उरलेली दोघांचे तुकडे जोडून बनलेली. माणसात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. उसात एकेका जनुकाच्या आठ, दहा, बारा प्रती असतात, आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. म्हणूनच एकाच तुऱ्यातल्या दोन बियांपासून आलेली रोपे एकमेकांसारखी नसतात. वाण तयार करणारे दरवर्षी हजारो रोपे लावतात, त्यांतली बहुतेक टाकून देतात, उरलेल्यांची टिपरी लावून पुन्हा पाहतात, खोडवा पाहतात, वेगवेगळ्या ठिकाणी पाहतात. एक वाण शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला दहा ते चौदा वर्षे जातात.

फाटलेल्या पोथीच्या बारा प्रती

जनुकसंच वाचणे म्हणजे त्या पिकाची सगळी जनुकीय अक्षरे ओळीने लावून घेणे. यंत्राला सबंध गुणसूत्र एका दमात वाचता येत नाही. ते तुकडे वाचते. मग ते तुकडे एकमेकांवर कुठे जुळतात ते पाहून सलग मजकूर लावायचा.

आता कल्पना करा, एकाच पोथीच्या बारा हस्तलिखित प्रती आहेत. प्रत्येकीत थोडे पाठभेद आहेत. कुठे एक अक्षर वेगळे, कुठे एक ओळ गाळलेली, कुठे दोन पाने दुबार. या बाराही प्रतींचे बारीक तुकडे करून एकाच पोत्यात भरले आहेत. आता हे तुकडे जोडून बाराही प्रती वेगवेगळ्या, आपापल्या पाठभेदांसह उभ्या करायच्या. तांदळाचा जनुकसंच या शतकाच्या पहिल्या दशकातच पूर्ण झाला आणि उसाला आणखी वीस वर्षे लागली, त्याचे कारण हे पोते.

या पोत्यात हात घालताना आधार मिळाला तो ज्वारीचा. ज्वारी ही उसाची जवळची चुलत बहीण. तिची गुणसूत्रे दहा जोड्या, सुटसुटीत. तिचा जनुकसंच २००९ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा. ज्वारी आणि ऊस यांच्यात जनुकांचा क्रम बराचसा सारखा आहे. म्हणून उसाचा तुकडा हातात आला की तो ज्वारीच्या नकाशावर कुठे बसतो ते पाहायचे. २०१८ साली फ्रान्सच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने रियुनियन बेटावरच्या आर ५७० या वाणाचा पहिला संदर्भ-आराखडा निघाला, तो याच रीतीने. पण त्यात बारा प्रतींऐवजी एकच गोळाबेरीज प्रत होती, सुमारे ३८ कोटी अक्षरांची. त्याच वर्षी चीनमधल्या गटाने काश गवताचा जनुकसंच गुणसूत्रांपर्यंत लावून दाखवला.

पुढे लांब तुकडे अचूक वाचणारी यंत्रे आली आणि मार्च २०२४ मध्ये आर ५७० चा जवळजवळ पूर्ण आराखडा ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८७० कोटी अक्षरे आहेत. माणसाच्या जनुकसंचाची एक प्रत ३०० कोटींची. फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून केलेले हे काम आहे. आपल्याकडे कोरडवाहूचे धान्य म्हणून मागे पडलेल्या ज्वारीने बागायतीच्या राजाची वाट उजळावी, यात मला गंमत वाटते.

एका जनुकाची गोष्ट आणि हजार जनुकांची

आराखडा हाती आला, पुढे काय? दोन प्रकारचे उपयोग आहेत, आणि त्यांतला फरक समजून घेतला तर बातम्यांतली अतिशयोक्ती ओळखू येते.

पहिला प्रकार म्हणजे एक गुण, एक जनुक. आर ५७० ला तपकिरी तांबेरा होत नाही. का होत नाही याचा शोध १९९०च्या दशकापासून चालू होता. त्याला कारण असलेल्या गुणसूत्राच्या भागाला ‘बीआरयू-१’ असे नाव दिले गेले. हा तुकडा ज्या वाणात आहे तो तांबेऱ्याला दाद देत नाही, आणि हे बळ अनेक दशके टिकून आहे. पूर्ण आराखड्यामुळे त्या भागातली नेमकी कोणती जनुके हे काम करत असावीत तेही आता दिसू लागले आहे. याचा रोकडा फायदा असा, की रोप वितीएवढे असताना पानाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि हा तुकडा आहे की नाही ते पाहायचे. तांबेरा पडण्याची वाट पाहावी लागत नाही. अशा खुणेला चिन्हक म्हणतात.

दुसरा प्रकार मात्र अवघड. वजन, साखरेचा उतारा, फुटव्यांची संख्या, खोडवा चांगला येणे, ताण सोसणे, हे गुण एका जनुकाचे नसतात. शेकडो-हजारो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. तिथे एक खूण शोधून भागत नाही. त्यासाठी २००१ साली मेउविसेन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी एक रीत मांडली, ती आधी दुभत्या जनावरांत रुळली. पूर्वी वळू चांगला की वाईट हे कळायला त्याच्या मुली दुधात येईपर्यंत थांबावे लागे. नव्या रीतीत हजारो जनावरांची जनुकीय अक्षरे आणि त्यांच्या दुधाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून गणित मांडतात. मग नव्या वासराची अक्षरे पाहून तो वळू कसा निघेल याचा अंदाज बांधतात.

ऑस्ट्रेलियात उसावर हे काम बरेच पुढे गेले आहे. हजारो उसांची अक्षरे आणि त्यांच्या वर्षानुवर्षांच्या वजन-साखरेच्या नोंदी यांवरून नव्या रोपाचा अंदाज काढता येतो, आणि अंदाज नुसता चिठ्ठी टाकण्यापेक्षा बराच चांगला येतो. पण तो भविष्यवाणी नव्हे. उसात जनुकांच्या प्रतींचे आपसांतले नाते इतके गुंतागुंतीचे आहे, की बेरीज साधी लागत नाही. या रीतीचा खरा लाभ वेळेत आहे. चांगले आई-वडील दहा वर्षे थांबून निवडण्याऐवजी दोन-तीन वर्षांत निवडता आले, तर एका माणसाच्या उमेदीच्या काळात तीन-चार जास्त पिढ्या पुढे जाता येते.

आणि एक अट कायम राहते. गणिताला ज्या रानातल्या नोंदी शिकवल्या, त्याच रानासारख्या रानाचे उत्तर ते बरोबर देते. ठिबक असलेल्या काळ्या, निचऱ्याच्या जमिनीतल्या नोंदी शिकवल्या आणि शिरोळकडच्या क्षारपड जमिनीचे उत्तर मागितले, तर ते चुकणारच.

ताण सोसणे म्हणजे पाणी वाचवणे नव्हे

आता ‘कमी पाण्याचा ऊस’. यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपवल्या जातात.

पान हवेतला कार्बन आत घेते ते ज्या सूक्ष्म छिद्रांतून, त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. छिद्र उघडे ठेवले तर वाढ होते आणि पाणी जाते. छिद्र मिटले तर पाणी वाचते आणि वाढ थांबते. ऊस या सौद्यात मुळातच हुशार आहे. त्याच्या पानांत कार्बन आधी चार कार्बन-अणूंच्या आम्लात पकडला जातो, मग आत नेऊन त्याची साखर होते. ही रीत प्रथम उसातच, १९६०च्या दशकात हवाई आणि ऑस्ट्रेलियात उलगडली. त्यामुळे गव्हा-तांदळापेक्षा ऊस पाण्याच्या दर थेंबाला जास्त वजन बनवतो. पण एकरी वजनच इतके आणि उभे राहण्याचा काळ इतका लांब, आडसाली तर सोळा-अठरा महिने, की एकूण पाणी अफाट लागते. जनुकांत बदल करून हा हिशेब निम्म्यावर आणता येईल असे मानायला आज आधार नाही.

जे शक्य आहे ते वेगळे आहे, आणि तेही मोलाचे आहे. आवर्तन लांबले, तीस-चाळीस दिवस पाणी आले नाही, तरी मुळे खोलवर ओल शोधतील, पेशी सुकणार नाहीत, आणि पाणी मिळताच ऊस पुन्हा चालायला लागेल, असा वाण. याला ताण सोसणे म्हणतात. असा वाण दुष्काळात शेतकऱ्याचे नुकसान कमी करेल. तो तालुक्याचे पाणी वाचवणार नाही. उलट ‘हा सोसतो’ म्हणून जिथे ऊस लावू नये तिथेही तो लावला जाईल, ही भीती आहेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा जिल्ह्याचा प्रश्न वाण बदलून सुटत नाही.

ताण सोसण्याच्या गुणांसाठी शास्त्रज्ञ पुन्हा रानाकडेच वळले आहेत. आजवरच्या सगळ्या वाणांच्या मुळाशी जाड उसाचे सुमारे वीस आणि काश गवताचे दहाच्या आतच मूळपुरुष आहेत. म्हणजे भलामोठा गाव दोन-चार घरांतून वाढल्यासारखा. रानात मात्र शेकडो प्रकार उभे आहेत. त्यांचा जगातला एक मोठा संग्रह आपल्या देशात, केरळात कन्नूरला आहे. उसाचा आणखी एक दूरचा नातलग, ‘एरियॅन्थस’ नावाचे उंच गवत, खोल मुळांसाठी प्रसिद्ध आहे. त्यातले उष्णता आणि ताण यांत पेशींतल्या प्रथिनांना सांभाळणारे एक जनुक कोईमतूरच्या शास्त्रज्ञांनी उसात घालून पाहिले, तेव्हा रोपांचे ताण आणि क्षार सोसण्याचे बळ वाढलेले दिसले.

बाहेरचे जनुक, आतली दुरुस्ती

असे बाहेरून जनुक घातलेले ऊस जगात काही ठिकाणी शेतात आहेत. इंडोनेशियाने २०१३ साली ताण सोसणाऱ्या अशा उसाला परवानगी दिली, ब्राझीलने २०१७ साली खोडकिडीला दाद न देणाऱ्या उसाला. भारतात अशा कोणत्याही उसाला लागवडीची परवानगी नाही.

जनुक-संपादन ही त्यापेक्षा वेगळी वाट. यात बाहेरचे काही ठेवायचे नसते, आहे त्याच मजकुरातले अक्षर बदलायचे असते. तांदळात एक-दोन प्रती बदलल्या की काम होते. उसात मात्र बाराही पाठांतले तेच अक्षर गाठावे लागते. अमेरिकेत फ्लोरिडात काष्ठद्रव्य कमी करण्यासाठी एका जनुकावर काम झाले, तेव्हा त्याच्या १०९ वेगवेगळ्या प्रती सापडल्या. त्यांतल्या १०७ प्रतींत बदल करण्यात शास्त्रज्ञांना यश आले आणि वजनही घटले नाही. ‘उसात हे जमणारच नाही’ ही समजूत तिथे मोडली. भारताने २०२२ साली बाहेरचे जनुक न उरणाऱ्या संपादित वाणांना काही कडक नियमांतून सूट दिली आणि २०२५ साली असे दोन भात-वाण जाहीर झाले. उसाची पाळी यायला वेळ लागेल, पण वाट उघडली आहे.

एकाच वाणाचा धोका

नवे वाण वेगाने येऊ लागले तर धोका टळतो असे नाही. उत्तर प्रदेशाचे ताजे उदाहरण पाहा. को ०२३८ हा कर्नालच्या केंद्रातला वाण २००९ साली प्रसारित झाला. वजनही आणि साखरही, असा दुर्मीळ जोड. काही वर्षांत त्या राज्याच्या उसाखालच्या चार-पंचमांशाहून जास्त क्षेत्रावर तो एकटाच उभा राहिला. नऊ टक्क्यांच्या आसपास असलेला उतारा अकराच्या पुढे गेला. मग लाल कुजीच्या बुरशीचा नवा प्रकार आला आणि पाहता पाहता त्याच वाणाचे फडच्या फड वाळू लागले. चूक वाणाची नव्हती. एवढ्या रानात एकच कुलूप लावले, की एक किल्ली सापडली तरी सगळी घरे उघडतात.

आपल्याकडे लाल कूज तितकी त्रास देत नाही, पण शहाऐंशी बत्तीसवर आपण कितीतरी वर्षे विसंबलो आहोत. शिवाय आपल्याकडे ‘वाण म्हातारा झाला’ असे म्हणतात. टिपरीने वाढणाऱ्या उसाची जनुके माणसासारखी म्हातारी होत नाहीत. म्हातारपण दिसते ते मुख्यतः बेण्यातून बेण्यात साठत गेलेल्या रोगांचे. गवताळ वाढ, विषाणू, काणी यांचे. म्हणूनच मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी बेण्याची तीन टप्प्यांची साखळी असते. दर वेळी शेजाऱ्याच्या फडातले बेणे उचलणाऱ्याला जगातला सर्वांत हुशार जनुक-आराखडाही वाचवू शकणार नाही.

निवड कशासाठी?

शेवटचा प्रश्न प्रयोगशाळेचा नाही. गणित कोणत्याही गुणासाठी निवड करून देईल. पण कोणत्या गुणासाठी, हे दर ठरवतो. उसाची रास्त व किफायतशीर किंमत कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी बांधलेली आहे. माझ्या उसात साखर जास्त असली तरी मला वेगळा दर नाही. म्हणून शेतकरी वजन पाहतो, कारखाना उतारा पाहतो, आणि वाण निवडताना हे दोनच गुण पुढे येतात. पाण्याला मीटर नाही, म्हणून कमी पाण्यात टन काढणाऱ्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही. ज्या गुणाला किंमत नाही तो वंशात टिकत नाही. हा नियम रानालाही आहे आणि बाजारालाही.

जनुके वाचण्याचा खर्च वर्षागणिक उतरतो आहे. महाग आहे ती चांगली नोंद. आणि ती आपल्या हातात आहे. प्रत्येक साखर कारखान्याच्या शेतकी विभागाकडे ऊस नोंदीत गट, वाण, लागणीची तारीख, लागण की खोडवा, हे सगळे असते. काट्यावर वजन होते. या नोंदींना जमिनीचा प्रकार, पाण्याच्या पाळ्या आणि पूर किंवा ताण पडल्याचे दिवस एवढे तीन रकाने जोडले, तर दहा लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्राचा असा दस्तऐवज तयार होईल, जो कोणत्याही संशोधन केंद्राच्या प्रयोगप्लॉटवर उभा करता येणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडे कोणत्या वाणाचा फड किती दिवस पाण्यात राहून पुन्हा फुटला, हे आज माणसांच्या बोलण्यात आहे. गटनंबरासह ते कागदावर यायला हवे. पुढच्या हंगामाची नोंद सुरू होईल तेव्हा आपापल्या गटाच्या चिटबॉयला हे तीन रकाने भरायला सांगणे एवढे तरी सभासद म्हणून आपण करू शकतो.